उदाचा वाटा

माझं म्हायेर चंदगडाकडचं आन सासर ह्ये गारगोटीकडचं, दोन्हीकडं पाणीच पाणी, तवा माझी कुंडली कुणी मांडली आसती तर त्यात मासाच निगाला आसता बगा. नाव माझं हौसा. वय काय इचारू नगा, आमच्यात कुणी लिवून ठेवल्यालं न्हाय, पर लेकीची लेक आता शाळंला जातीया, त्यावरनं काय ती समजा. आन मी गेलो, आलो, जेवलो आसं बोलतोय म्हणून हसू नगा पावणं, हिकडं बायका आशाच बोलत्यात. मागं एक पुण्याकडची बाई आलती ती म्हणली, मावशी तुमी पुरुषावानी का बोलताय, म्हणलं बापयावानी काम बी करतोय की, बोललं म्हणून काय बिगाडलं.

तर आमी भोई. माझा बा नदीच्या डोहात जाळं टाकायचा आन आमी पोरी काठाला बसून फाटल्यालं जाळं शिवायचो, बांबूची सुई आन दोरा, बोटं आपसूक चालायची. त्यो पाऊस तिकडचा, चार-चार म्हयनं आंग वाळायचं न्हाय, तवा दुसरं काम तरी काय करणार. बा सांगायचा, पूर्वी ह्या डोहात ऊद लई हुते. पुस्तकात त्येला पाणमांजर म्हणत्यात, आमी ऊद म्हणतो. मांजराएवढं कुटलं, कुत्र्याएवढं आसतंय ती, तपकिरी, मऊ, शिट्टी घातल्यागत वरडतंय आन सगळं खटलं घिऊन मासं मारत फिरतंय. मग म्हणं भाईरची माणसं आली, कुत्री आन सापळं घिऊन, कातड्यासाटी एकेक डोह रिकामा करून गेली. मी पोर आसताना ऊद कुटं ऱ्हायलाच न्हवता, निस्ता त्येच्या नावाचा धाक ऱ्हायलाता, लांब पाण्यात गेलीस तर ऊद धरंल. बा मेला तरी त्येला परत ऊद काय दिसला न्हाय.

लगीन झालं आन मी हितं धरणावर आलो. मालक, म्हंजे आमचं दत्तू, उंचीला कमी, बोलायला त्याहून कमी, आन धाकला भाऊ मारुती त्याच्या दुप्पट उच आन चौपट बोलका. सासू-सासरं न्हवतं, मारुतीला ह्येनीच वाडीवल्यालं. लगनाच्या येळी मारुतीला मिसरूड बी न्हवतं, मला वैनी म्हणायचा आन ताटात पयला मासा त्येला वाढला न्हाय तर रुसायचा. आता त्येचीच पोरं मिसरूडाला आल्यात.

काय सांगू तुमास्नी, मालकाचा एक नेम हुता. जाळ्याला लोखंड लावायचं न्हाय. मासा गुतला, खेकडा गुतला, काटकी गुतली, बोटानं सोडवायचं, इळा न्हाय, चाकू न्हाय, कात्री तर घरातच ठेवली न्हवती. का, तर त्याच्या बानं सांगितल्यालं. ह्या धरणात बुडाल्यालं जुनं शिवार हाय, त्यातली बाभळीची खोडं आजून पाण्याखाली हुबी हायती आन जाळं जाऊन त्यात आडाकतंय. मी नवी नवरी, आसंच एक खोडात गुतल्यालं जाळं वडून आणल्यालं, सगळा गुंता, म्हणलं ह्येवडा कोपरा कापूया आन नवा जोडूया, माझं शिवणकाम बगून गप हुतील. इळीवर पाय ठेवला आन जाळं लावणार तर ह्येनी माझं मनगाट धरलं. मारलं न्हाय, वरडलं न्हाय, निस्तं धरलं, आन माझ्याफुडं मांडी घालून बसलं, आन त्यो गुंता सांच्यापतूर बोटानं सोडवला. मी शेवटाला रडलो, भुकेनं वो, दुसरं कशानं न्हाय. मग मालक म्हणलं हौसा, जाळं कापल्यालं पुन्यांदा सरळ येत न्हाय. मी म्हणलं माझं पोट बी उपाशी ऱ्हायल्यालं सरळ येत न्हाय, भाकरी खा आता. तवा पयल्यांदा हासलं माझ्याकडं बगून.

आन दुसरी गोष्ट वाट्याची. ही नीट आयका, फुडं लागणार हाय. मासं काठाला आलं की ढीग घालत्यात, एक जाळ्याचा, एक तराफ्याचा, एकेक गड्याचा. पर सगळ्यांच्या आधी एक ढीग घालायचा, ज्या घरात बापय ऱ्हायला न्हाय त्या घरचा. त्यो वाटा टोपलीत घालून त्या बाईच्या उंबऱ्याला ठेवायचा आन हाक न मारता माघारी यायचं. बोलायचं न्हाय. बोललं तर तिला काय तरी बोलावं लागतंय, बरं झालं बाबा, देव तुजं भलं करू, आसं मिंदं व्हावं लागतंय, ती नगं म्हणून. वस्तीत एक म्हातारी हुती, तिच्या उंबऱ्याला मालक टोपली ठेवायचं आन चोरावानी पळत यायचं. मी चेष्टा करायचो, म्हातारीवर जीव बसला काय म्हणायचो.

मग ऊद आले. कवा आले ती कुणालाच ठावं न्हाय. पयल्यांदा जाळ्यात निस्ती माशाची मुंडकी याय लागली. म्हणलं मगर हाय का काय, पर आमच्यात मगर कवा न्हवती. मग एकदा सकाळच्या पारी मालक पळत घरी आलं, चप्पल बी काठालाच सोडल्याली, म्हणलं हौसा चल, चल की, आन मला हाताला धरून न्हेलं. गावाच्या लोकांफुडं हात धरला कवा न्हवता त्यानी. आडोशाला एक खडक हाय, त्याच्यावर पाच-सात जण उनाला पसारल्यालं, आंग घासत्यात, पोरं आईच्या पाठीवर चढत्यात, आन एकजण मरळ मासा हातात धरून, हातातच म्हणतो मी, आपल्यावानी दोन्ही हातात धरून कराकरा खातोय. मालकाच्या डोळ्यात पाणी. माझ्या बी आलं, खोटं कशाला सांगू, बाची आठवण झाली. आन मग मी त्यो मरळ बगितला, म्हणलं आगं बया, ह्यो तर आपल्या जाळ्यातला.

तितनं सुरू झालं बगा. आज ह्येचं जाळं फाडलं, उद्या त्येचं. मासा खाऊन जायाचा त्यो जाळं बी चावून जायाचा, त्ये बारीक नायलॉनचं, चघळून चघळून कुंचा करून टाकायचे. आन शिवणार कोण, तर मी. माझ्या बोटांस्नी भोकं पडली, डोळं गेलं. वस्तीत सगळ्यात ज्यादा शिव्या त्या उदांस्नी कुणी घातल्या आसतील तर मी. मच्छी सोसायटीची बैठक झाली, त्येला वनखात्याचा माणूस आलता, त्यो म्हणला ह्येनला मारणं गुन्हा हाय, लई वर्सांनी वाढाय लागल्यात, ऊद हाय म्हंजे पाणी चांगलं हाय, आनंद माना. मारुती हुबा ऱ्हायला, म्हणला सायेब, पाणी चांगलं हाय ती आमी रोज पितोय, आमाला ठाव हाय, आमी खायचं काय तेवडं सांगा. त्या मानसानं चहा पिला आन गेला. वाईट न्हवता बिचारा.

मालकाचं वेगळंच. त्यो म्हणायचा ह्ये आपल्या आधीचं. धरान नंतर झालं, आपून नंतर आलो, ह्येंचा बा-आज्जा ह्याच नदीत हुता. आन बग की हौसा, बायका-पोरं घिऊन मासं मारत्यात, काठाला बसून वाटून खात्यात, भोईच हायती की. म्हणलं व्हय, मग त्येंच्यात पोरगी दे. पर त्यो ऐकतोय व्हय. ढीग घालताना आपल्या ढिगातनं आणखी एक बारका ढीग घालाय लागला, चिलापी, बारीक-सारीक, आन त्यो खडकावर न्हेऊन ठेवायचा. उदाचा वाटा. लोक हासायचे. ऊद यायचे, खायाचे, आन खाऊन झालं की पुन्यांदा जाळ्याकडं जायाचे.

मग ह्येनी डोकं चालवलं. म्हणलं त्येनला जाळ्यातलं खायची चटक लागलीया, खडकावरचं खाऊन त्येंचं समादान हुईत न्हाय. तवा एक जुनं जाळं, माझ्या कितीतरी जोडांचं, त्ये खडकाच्या आडोशाला लावलं आन त्यात त्येंचा वाटा आडकवून ठेवाय लागला. म्हंजे हितंच फाडा, हितंच खा, भाईर येऊ नगा. आन पावणं, चाललं की त्ये! जाळी फाटायची कमी झाली. मी सुई ठेवून दुपारची निजाय लागलो, लोक म्हणाय लागले दत्तूनं उदाला माणसात आणलं. एकटा मारुती तेवडा म्हणला, दादा, आसं करू नगंस, जाळं ती जाळंच, खायला घाल न्हायतर धर, दोन्ही एकाच जाळ्यात कसं व्हायाचं. मालक हासलं, म्हणलं तुला वैनीच्या हातचा पयला मासा खाऊन आक्कल आली.

थंडीचे दीस हुते. सकाळी चहा पिऊन गेलं. चहात साखर कमी हुती म्हणलं, मी म्हणलं उद्या घालीन. ट्यूबीवर बसून जायाचं, टायरची मोठी ट्यूब आसतीया, तिच्यावर फळी बांदल्याली, तराफा त्योच, आमच्यात सगळे तसंच जात्यात. भाकरीची येळ झाली, आलं न्हाईत. म्हणलं बसलं आसतील ऊद बगत. मग मारुतीला धाडलं. त्येला आडोशाला ट्यूब दिसली, रिकामी, पाण्यावर डुलतीया.

मारुतीनंच उडी टाकली. त्येनंच वर आणलं. मी काठाला हुतो. त्ये जुनं जाळं दोन्ही पायाला गुंडाळल्यालं, धोतर नेसल्यागत. मारुती त्येनला मांडीवर घिऊन दादा, दादा म्हणून गालावर मारत हुता, लहानपणी ह्येनी त्येला उठवाय मारायचे तसंच. मी काय केलं ती मला आटवत न्हाय. लोक सांगत्यात, मी बसून जाळं सोडवत हुतो. बोटानं. कुणी तरी इळा आणला तर मी त्येचा हात झिडकारला म्हणं.

लोक म्हणले उदांनी पाय वडला. मारुती बी तसंच म्हणला. त्ये जाळं कुणाला जाळायचं हुतं, मी दिलं न्हाय, घरी आणलं. दिवस घातलं, पावणं-रावळं गेली, आन एक दुपार मी त्ये जाळं मांडीवर घेतलं. दुसरं काय करायला येतंय मला. आन बगतोय तर मधोमध एक भोक. आता उदाचं भोक मी रोज शिवतोय, चावल्याल्या दोऱ्याचा टोकाला पिंजून कुंचा हुतो. ह्ये तसं न्हवतं. ह्येचे दोरे सरळ. एका रेघंत. चाकूनं कापल्यालं. तंबाखूसाटी कमरंला बारका चाकू आसायचा त्येंच्या, त्यो कमरंला सापडला न्हवता. आन त्या भोकाच्या कडंला केस आडकल्यालं, तपकिरी, मऊ. पिल्लाचं आसतील. पायाला जितं जाळं गुंडाळल्यालं तितं एक बी दोरा कापल्याला न्हाय.

कळलं न्हवं तुमास्नी? मला कळायला लई येळ लागला, मी सांच्यापतूर जाळं मांडीवर घिऊन बसलो. पिल्लू गुतलं आसंल, वरडत आसंल. बोटानं सोडवायला येळ न्हवता. ज्या मानसानं माझं मनगाट धरल्यालं, त्यानं जल्मात पयल्यांदा जाळ्याला लोखंड लावलं, आन ती बी त्या जनावरासाटी. मग चाकू सुटला आसंल हातातनं. सोताच्या पायाला काय ऱ्हायलं न्हाय. मला राग आला पावणं. रडू नंतर आलं, आधी राग आला. म्हणलं आरं, माझ्यासाटी नेम मोडला न्हाईस, मी उपाशी बसलो तरी मोडला न्हाईस, आन एका उदासाटी मोडलास, आन वर मला सोडून गेलास. भांड्यांवर भांडी आपटली मी त्या राती. आपटायला मानूस कुटं हुता.

सकाळी जाळं घिऊन मारुतीकडं गेलो. म्हणलं भावजी, बगा. त्येनं बगितलं. त्येचा जल्म जाळ्यात गेलाय, कापल्यालं आन चावल्यालं त्येला आंधारात हात लावून कळंल. लई येळ त्या भोकावरनं बोट फिरवत बसला. मग म्हणला, वैनी, ह्ये दातानंच हाय. म्हणलं भावजी, नीट बगा. तर म्हणला, दातानंच हाय, माझा दादा मला टाकून एका जनावरासाटी जायाचा न्हाय. आन जाळं माझ्या आंगावर टाकलं आन आत गेला. त्येचे खांदे हालताना दिसत हुते मला दारातनं.

दोन दिसांनी कुणी तरी सांगितलं, मारुतीनं बाजारातनं औषाद आणलंय, माशाला लावून खडकावर ठेवणार हाय. मी गेलो आन त्या खडकावर बसलो. सकाळधरनं बसलो. त्यो आला, हातात टोपली. मला बगितलं. म्हणला वैनी, उटा. म्हणलं न्हाय. म्हणला त्येनी दादाला खाल्लं. म्हणलं तुमच्या दादानं एकाला जगवलंय, आन त्यो मेला तर तुमचा दादा फुकट गेला, मग मी काय समजून जगू सांगा. दोघं बी रडत हुतो, पर जवळ कुणी गेलं न्हाय. मग त्यो टोपली घिऊन माघारी गेला. त्ये औषाद कुटं पुरलं त्येलाच ठाव. ऊद मेलं न्हाईत येवडं खरं. आन त्या दिसापासनं मारुती माझ्याशी बोलला न्हाय.

आता माझ्या उंबऱ्याला टोपली येतीया. बापय नसल्याल्या घरचा वाटा. त्योच आणतोय, मला पावलं वळाकत्यात त्येची. ठेवतो आन जातो. आन मी आतनं आयकत बसतो. आता तुमीच सांगा, न बोलता ठेवायचं ही तर आमची रीतच हाय, मग त्यो रीत म्हणून बोलत न्हाय का राग हाय म्हणून बोलत न्हाय, मला कसं कळायचं. रागाचा गप आन रीतीचा गप दारातनं सारखाच आयकू येतोय. त्येची फाटल्याली जाळी बी माझ्याच वसरीवर येऊन पडत्यात, मी शिवून ठेवतो, ती जात्यात. उदांनीच फाडल्याली आसत्यात. शिव्या घालत शिवतो.

आन त्या वाट्यातलं एक-दोन मासं मी खडकावर न्हेऊन ठेवतो. जाळ्यात न्हाय, खडकावर. हासताय व्हय? मला पुण्य नगं. मला बगायचं हाय, कुणापायी गेला त्यो. पिल्लू आता मोठं झालं आसंल. येत्यात सगळे, खात्यात, मी एकेकाचं त्वांड बगतो, म्हणतो ह्यो का, का ह्यो, का तू गं. सगळे सारखेच दिसत्यात, मेले. एकाच्या बी आंगावर खूण न्हाय.

मारुतीनं एकदा बगितलं मला मासं ठेवताना. लांब पाण्यावर ट्यूबीवर हुता. वाटलं आता वरडंल, न्हाय वरडला. पर दुसऱ्या दिशी टोपली आली त्यातलं मासं साफ केल्यालं, कापल्यालं, आन हळद-मीठ चोळल्यालं. तवापासनं रोज तसंच येतंय. उदाला घालता येऊ नये म्हणून चोळतोय, का वैनी येकटी हाय, जेवत न्हाय, निदान तव्यावर टाकंल म्हणून चोळतोय, देव जाणं. त्येच्या बायकूला इचारलं तर म्हणली, आक्का, मला हात लावू देत न्हाईत, सोता चोळत बसत्यात.

लेक म्हणती इचलकरंजीला ये, हितं काय ऱ्हायलंय तुजं. बराबर हाय तिचं. पर मी गेलो तर टोपली कुणाच्या उंबऱ्याला ठेवंल त्यो?

तर आता उनं उतरली की मी दोन तुकडं माझ्या तव्याला ठेवतो, खरंच ठेवतो, खातो बी, आन बाकीचं घिऊन पाण्यावर जातो. खडकाखाली बसून एकेक तुकडा धुतो. मीठ जातंय लगीच, हळद जात न्हाय. मालक गेल्यापासनं मी हळदीला हात लावला न्हवता, आता बगा ही बोटं, रोज पिवळी. मारुती पल्याड जाळं टाकत आसतोय, त्येला दिसतंय मी काय करतोय ती. सकाळी टोपली येतीयाच. त्यो चोळतोय, मी धुतोय. चला पावणं, सुखी ऱ्हावा, पोरंबाळं सुखी ऱ्हावूत तुमची, चहा पिऊन जावा. साखर बगा पुरती हाय का.